सासरचा चढ, माहेरचं पाणी आणि गाडीचा गिअरबॉक्स

मैत्रिणींनो, जळका वास ओळखण्यात आपला हात कोण धरणार? तळाला लागलेलं दूध, करपलेली फोडणी, इस्त्रीखाली चिकटलेला नायलॉनचा पदर, सगळं आपल्याला पोळपाटावरून मान वर न करता कळतं. अगदी शेजारच्या घरातलं असलं तरी! तर २०१७ सालच्या सप्टेंबरातल्या एका रविवारी साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात मला असाच एक वास आला. करपलेला कागद आणि रबर एकत्र जळावं तसा.

"अहो, काहीतरी जळतंय," मी ह्यांना म्हटलं.

"पुढच्या गाडीचा वास आहे," हे म्हणाले.

कासच्या पठारावरची फुलं बघायला निघालो होतो. २०१२ मध्ये कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत रविवारी त्या घाटात फुलांपेक्षा गाड्याच जास्त दिसतात. गाडीत पुढे आम्ही दोघं, मागे सासूबाई, नणंद आणि तिची दोन मुलं, मांडीवर पुरी-भाजीचा डबा. रांग दहा पावलं सरकायची, थांबायची. पुन्हा दहा पावलं. ह्यांनी चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून ब्रेक न दाबता क्लच अर्धा सोडून, ॲक्सिलरेटर थोडा दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरलेली. तीही अर्धा-पाऊण तास. वास वाढत गेला, आणि एका वळणावर इंजिन घूं घूं करत राहिलं, गाडी मात्र जागची हलेना. वास पुढच्या गाडीचा नव्हता हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं. डबा आम्ही घाटातच कठड्यावर बसून खाल्ला. क्लचप्लेट, तिच्यासोबतचे भाग आणि मजुरी मिळून साडेसात हजार रुपये गेले. त्या महिन्यात भिशीचा माझा नंबर होता, ते पैसे मी मिक्सर आणि पडद्यांसाठी धरून ठेवले होते.

त्या दिवसापासून मी ठरवलं, या गाडीच्या पोटात काय चालतं ते एकदा समजून घ्यायचंच. माझं लायसन तोवर लग्नात आलेल्या चांदीच्या तांब्यासारखं कपाटात होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मेस्त्री आहेत. त्यांच्या गॅरेजात स्टुलावर बसून मी प्रश्न विचारायची आणि ते पाना हातात धरून उत्तरं द्यायचे. पहिले दोन दिवस त्यांना अवघड वाटलं, मग सवय झाली. त्यांच्याकडून शिकलेलं आणि स्वतःच्या चुकांतून कळलेलं आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी क्लच म्हणजे काय ते पाहू. दोन्ही हातांचे तळवे एकमेकांवर घट्ट दाबा आणि एक हात फिरवा. दुसराही त्याच्याबरोबर फिरतो. आता तळवे सुटे करा. एक फिरला तरी दुसरा स्वस्थ. एक तळवा इंजिनाचा, दुसरा गिअरबॉक्सचा, आणि आपण डाव्या पायाने दाबतो ते पेडल तळवे सुटे करतं. आता तळवे अर्धवट दाबून एकमेकांवर घासा बरं. काय झालं? चटका बसला. यालाच 'हाफ क्लच' म्हणतात. क्लचप्लेटवर ब्रेकच्या लायनिंगसारखा थर असतो. गाडी सुटताना तो दोन क्षण घासणारच, त्यासाठीच तो आहे. पण अर्धा तास घासत ठेवला तर पोळी तव्यावर विसरल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

गिअर समजायला घरातलं शिवणयंत्र पुरे. खाली मोठं चाक, वर छोटं. पाय एकदा मारला की वरचं चाक कितीतरी वेळा फिरतं, सुई भराभर चालते. वेग मिळतो, पण ताकद जाते. म्हणून तर जीन्सची जाड दुमड आली की यंत्र अडतं आणि आपण वरचं चाक हाताने फिरवतो. गाडीचा पहिला गिअर याच्या उलट. इंजिनाकडचं छोटं दातेरी चाक मोठ्या चाकाला फिरवतं. लहान गाडीत पहिल्या गिअरला इंजिनाच्या साधारण चौदा-पंधरा फेऱ्या होतात तेव्हा रस्त्यावरचं चाक एकदा फिरतं. पाचव्याला तीनेक फेऱ्यांत. चढावर पहिला-दुसरा आणि सपाटीवर चौथा-पाचवा का, ते आता वेगळं सांगायला नको.

आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दात दातांवर आपटत का नाहीत? लहानपणी दोघी दोरी फिरवायच्या आणि तिसरी बाहेरून आत शिरायची, आठवतं? ती आधी दोरीच्या लयीत मान डोलवून घ्यायची आणि मगच उडी मारायची. गिअरबॉक्समधली पितळी कडी हेच काम करते. ती दोन चाकांची गती आधी जुळवते आणि मग दात बसतात. तिला सिंक्रोमेश म्हणतात. अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली ती गाड्यांत आणली. आमच्या मामंजींची पद्मिनी होती, स्टीअरिंगजवळच्या दांड्याने गिअर टाकायचे तसली. तिच्या पहिल्या गिअरला ही कडी नव्हती. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की असा आवाज यायचा की सासूबाई कानांवर हात ठेवायच्या. ती पद्मिनी ज्या कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात बनायची तो वालचंद हिराचंदांनी काढलेला, आणि माझ्या माहेरच्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव त्यांचंच. सासर-माहेर असं कुठेतरी जुळतंच!

माहेरावरून आठवलं. मोटारीने पहिला लांबचा प्रवास कुणी केला माहीत आहे? एका बाईने, आणि तोही माहेरी जाण्यासाठी. जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांनी मोटार बनवली खरी, पण ती लांब नेऊन दाखवायचा धीर त्यांना होईना. १८८८ सालच्या ऑगस्टात त्यांची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मॅनहाइमहून फोर्झहाइमला आईकडे निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. पेट्रोलची नळी तुंबली तर तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेकचे ठोकळे झिजले तर वाटेत चांभाराकडून कातडं ठोकून घेतलं. चढ आला की मुलं उतरून ढकलायची. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक हळू चालणारा गिअर हवा. चढावर पोरांना ढकलायला लावणं काय असतं ते मी यवतेश्वरच्या घाटात पाहिलंय, त्यामुळे ही बाई मला अगदी जवळची वाटते.

आता साताऱ्याचं. आमचं गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला टेकलेलं, म्हणजे जिकडे जाल तिकडे चढ किंवा उतार. समर्थ मंदिराकडून राजवाडा, तिथून पोवई नाका, भाजी आणायला गेलं तरी क्लचला काम. मेस्त्री म्हणतात, एकाच कंपनीच्या दोन गाड्या, एक सांगलीची आणि एक साताऱ्याची आणा, क्लच बघून मी गाव सांगतो.

चढावर थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, दोन्ही पाय मोकळे. निघताना पहिला टाका, क्लच हळूहळू वर आणा, गाडीचं नाक किंचित उचललं आणि इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक सोडा. गाडी मागे एक इंचही जात नाही. रिकाम्या चढावर पाच-सहा वेळा करून बघा, ज्वारीची भाकरी थापायला शिकण्यापेक्षा नक्की सोपं आहे. मागचा हॉर्न वाजवू लागला तर वाजवू दे. मला पहिल्या पहिल्यांदा फार घाम फुटायचा, आता मी खिडकीतून हात दाखवते आणि माझ्या वेळेने निघते.

चालवताना डावा पाय क्लचवर ठेवून देऊ नका. नुसता टेकवला तरी त्या वजनाने प्लेट थोडी सुटते आणि घासत राहते. डाव्या बाजूला पाय ठेवायला जागा असते, तिथे ठेवा. डावा हातही गिअरच्या मुठीवर टाकून बसायची सवय वाईट. त्या हाताचं वजन आतल्या काट्यांवर पडतं आणि ते झिजतात. ही सवय आमच्याकडे पुरुषमंडळींना जास्त. पण सांगायला जाल तर, "तुला काय कळतं?"

उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारेही आहेत. पसरणीच्या घाटात पाचगणीहून वाईकडे उतरताना मी एकदा अशा गाडीत बसले होते, जीव मुठीत धरून. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला जाणारं पेट्रोल आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते थोडं थोडं जातच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही. वर सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

गाडी चढावर उभी करताना हँडब्रेकबरोबर गिअरही टाकून ठेवावा. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. चाकाखाली दगड लावायचा साताऱ्याचा रिवाज चांगला आहे, पण निघताना तो दगड रस्त्याच्या कडेला टाकत चला हो! मागून येणाऱ्या स्कूटरवालीचा विचार करा.

आता कान आणि नाक वापरू. डॉक्टर जसे नाडी बघतात तसं गाडीचं दुखणं घरच्या घरी बरंचसं ओळखता येतं. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. क्लच दाबा. दाबल्यावर घरघर सुरू झाली आणि सोडल्यावर थांबली, तर क्लचचं बेअरिंग बोलतंय. उलट, सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबला की बंद होतो, तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर. मेस्त्रींनी मला हे सांगितलं तेव्हा मी घरी येऊन तीनदा करून पाहिलं.

क्लच घसरतोय का, हे बघायचीही युक्ती आहे. सपाट जागी, पुढे कोणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धडपडून बंद पडलं तर क्लच ठीक. आरामात चालूच राहिलं तर प्लेट संपत आली. ही परीक्षा कधीतरीच घ्यायची, रोज नाही. रस्त्यावरही हे कळतं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. क्लचला वायर असलेल्या गाड्यांत पेडल सुरुवातीला थोडं मोकळं जातं, तेवढा ढिलेपणा असावाच लागतो. प्लेट झिजली की तो कमी होतो, मेस्त्री नट फिरवून दोन मिनिटांत जुळवून देतात. पेडल फार जड झालं असेल तर वायरच झिजली असेल. ती तुटायच्या आत बदलावी, कारण तुटते ती नेमकी सणाच्या दिवशी. काही गाड्यांत वायरऐवजी ब्रेकसारखं तेल असतं, त्याच्या डबीची पातळी महिन्यातून एकदा पाहायची.

रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं अशी तक्रार पुष्कळजणी करतात. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला ती पितळी कडी नसते. गाडी पूर्ण थांबवा, क्लच तळापर्यंत दाबा, मनात तीन आकडे मोजा आणि मग टाका. तरी अडला तर आधी पुढचा एखादा गिअर टाकून काढा आणि मग रिव्हर्स. पण पुढच्या गिअरांना, विशेषतः दुसऱ्याला, असा आवाज येऊ लागला किंवा गिअर आपोआप निसटून न्यूट्रलमध्ये येऊ लागला तर मात्र दाखवायला न्या.

आणखी एक सोपी गोष्ट. रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली जुनं वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा अंथरा आणि सकाळी बघा. नुसतं पाणी पडलं असेल तर ते एसीचं, काळजी नको. हिरवं किंवा गुलाबी, चिकट पाणी रेडिएटरचं. काळपट तेल इंजिनाचं. आणि दाट, उग्र गंधकासारख्या वासाचं तेल असेल तर ते गिअरबॉक्सचं. त्याला वरून बघायची पट्टी बहुतेक गाड्यांत नसते, त्यामुळे कमी झालं तरी पत्ता लागत नाही. थेंब पडतोय म्हटल्यावर थांबू नये. बिनतेलाची फोडणी करून पाहिलीय का कधी? तसंच.

पुढच्या चाकांना गिअरबॉक्सकडून ताकद नेणारे जे दांडे असतात, त्यांच्या टोकाला घडीचं रबर असतं. आमचे मेस्त्री त्याला 'बूट' म्हणतात. स्टीअरिंग पूर्ण वळवून बॅटरीच्या उजेडात चाकाच्या मागे पाहिलं की दिसतं. ते फाटलं की आतलं ग्रीस बाहेर आणि बाहेरची वाळू आत. मग पूर्ण वळण घेताना टक-टक-टक असा आवाज येऊ लागतो. रबर फाटल्या फाटल्या बदललं तर थोडक्यात भागतं, आवाज यायची वाट पाहिली तर अख्खा जोड बदलावा लागतो. सहा महिन्यांतून एकदा बघत चला.

आता माहेरचं सांगते, आणि ते सांगताना अजून मन जड होतं.

माझं माहेर सांगलीच्या गावभागातलं. सांगली म्हणजे तळहातासारखी सपाट, तिथे क्लचला त्रास नाही. पण कृष्णामाई आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे आम्ही पाढ्यांसारखं पाठ केलेलं. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्या वर गेलं. माणसं आधी हलवली, भांडीकुंडी माळ्यावर गेली. अण्णांची गाडी मात्र दारातच राहिली. चाकं पूर्ण बुडून पाणी दाराच्या पायरीपर्यंत आलं आणि चार दिवस तसंच राहिलं.

पाणी ओसरल्यावर वहिनीने ती गाडी अक्षरशः हाताने धुतली. चिखल खरवडला, गाद्या उन्हात टाकल्या. एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, इंजिनचं ऑइल बदललं, गाडी सुरू झाली, पेढे वाटले. गिअर ऑइलचं नावही कुणी काढलं नाही. अण्णांना दर आठवड्याला मिरजेला दवाखान्यात न्यायचं काम वहिनीचंच होतं, दादाची नोकरी फिरतीची. डिसेंबरात गाडी तिसऱ्या गिअरला गुणगुणू लागली. फेब्रुवारीत, अण्णा मागच्या सीटवर असताना, विश्रामबागेच्या पुढे मिरज रस्त्यावर मोठा आवाज झाला आणि गिअर पडेचना. वहिनीने अण्णांना रिक्षात घातलं, वेळेवर पोचवलं आणि संध्याकाळी घरी आली तर घरात बोलणी सुरू. बाईमाणसाने चालवली की गिअरचं असंच होणार. हिसके देते. आधीच सांगितलं होतं. अण्णा काही बोलले नाहीत, पण चावी त्यांनी उशीखाली ठेवली.

वहिनी काय करणार? दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मेस्त्रीकडे गेली आणि गिअरबॉक्स उघडताना समोर उभी राहिली. बोल्ट काढल्यावर जे बाहेर आलं ते तेलासारखं दिसतच नव्हतं. दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं होतं. आत बेअरिंगवर गंज. "ताई, हे चालवणाऱ्याचं काम नाही, हे पुराचं पाणी आहे," तो म्हणाला. वहिनीने जॅमची एक रिकामी बाटली धुऊन आणली, त्यात ते तेल भरून घेतलं आणि रात्री जेवणाच्या वेळी टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. फार काही बोलली नाही. अण्णांनी बाटली उचलून उजेडात धरली आणि चावी तिच्या ताटाजवळ ठेवली.

पाणी आत जातं कसं? गिअरबॉक्स बंद पेटीसारखा दिसला तरी तापल्यावर आतली हवा फुगते, ती जायला वर एक बारीक भोक असतं. पाणी तिथवर आलं की त्यातून आत. शिवाय गरम गिअरबॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि फटींतून पाणी ओढून घेते. तेल आणि पाणी घुसळलं की त्याचं ताक होतं, आणि ताकाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. गंमत म्हणजे गाडी सुरुवातीला छान चालते. दुखणं महिन्यांनी वर येतं, तोवर पूर सगळे विसरलेले असतात आणि दोष चालवणाऱ्याच्या माथी.

म्हणून नदीकाठच्या मैत्रिणींनो, एवढं कराच. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघू नका, चावीसुद्धा फिरवू नका. इंजिनात पाणी असताना ते फिरवलं तर आतले दांडे वाकतात, आणि साध्या विम्यात ते नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाची जोड घ्यावी लागते. तिच्यात गिअरबॉक्स येतो का, हे हप्ता भरतानाच विचारून घ्या. पाणी कुठवर आलं त्याचे फोटो काढा, विमा कंपनीला आधी कळवा, मग गाडी हलवा. हलवताना पुढची चाकं उचलून किंवा ट्रकवर चढवून. गॅरेजात इंजिन ऑइलबरोबर गिअर ऑइल तुमच्यासमोर काढायला सांगा. ते दुधाळ निघालं तर एकदा भरून, थोडी चालवून, पुन्हा काढायचं आणि मग कायमचं भरायचं. बरेच दिवस पाण्यात राहिलेल्या गाडीची क्लचप्लेट गंजून चिकटतेही. इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नसेल तर तो प्रकार असू शकतो. जोर लावून दांडा मोडू नका.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा वहिनीने इशारा पातळीची बातमी ऐकताच गाडी विश्रामबागेत मावशींच्या दारात नेऊन लावली. गव्हाचं पोतं मागाहून गेलं.

गॅरेजात बोलायचं कसं, हा प्रश्न मला फार जणी विचारतात. "गिअर खराब झालाय" असं म्हणू नका. काय होतं, कधी होतं ते सांगा. थंड असताना का गरम झाल्यावर, कुठल्या गिअरला, चढावर का वळणावर. कपडे शिवायला टाकताना आपण शिंप्याला जितकं सांगतो तितकं तरी सांगावं की नाही? क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो आणि खरी मजुरी त्याचीच असते. तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा संच एकदमच बदललेला बरा. तिथलं ऑइल सील पाझरतंय का तेही त्याच वेळी पाहून घ्या. नाहीतर दोन महिन्यांनी पुन्हा तेवढीच मजुरी. जुने भाग परत मागा. वापरायचे नसतात, पण मागितले की काम चोख होतं.

गिअर ऑइल केव्हा बदलायचं आणि कुठलं घालायचं हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. लहान गाडीत ते दोन-अडीच लिटर मावतं. पुस्तिकेत 'जीएल-४' लिहिलं असेल तर तेच घाला. 'जीएल-५' जास्त आकड्याचं म्हणून जास्त चांगलं, असा काही दुकानदारांचा समज असतो, पण त्यातली रसायनं काही गाड्यांतल्या पितळी कड्यांना खातात. गाडी थोडी चालवून, तेल कोमट झाल्यावर काढावं, म्हणजे गाळासकट येतं. भरताना गाडी सपाट जागी उभी हवी आणि तेल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत यायला हवं. काढलेल्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी गंधासारखा लेप दिसेल. तो दिसला तर घाबरू नका. तुकडे दिसले तर मात्र घाबरा.

ज्यांच्याकडे आता बिनक्लचच्या गाड्या आहेत त्यांनी फार हसू नये. एएमटी प्रकारच्या गाडीत क्लच असतोच, फक्त तो पायाने न दाबता यंत्र दाबतं. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरलीत तर तोही तसाच जळतो. थांबलात की ब्रेकच दाबा. इतर ऑटोमॅटिक गाड्यांचं तेल निराळं असतं, ते पुस्तिकेत लिहिलंय तेच आणि जाणत्या माणसाकडूनच बदलून घ्यावं. तिथे जुगाड नको.

परवा वहिनीचा फोन आला. दुरुस्त केलेल्या त्या गाडीचं तेल बदलायची वेळ झाली होती आणि ती गॅरेजातूनच बोलत होती. "वन्सं, काढलंय. अगदी काकवीसारखं आहे, दुधाचा टिपूस नाही," म्हणाली. मग मागे अण्णांचा आवाज आला, बाटली आणलीस का म्हणून विचारत होते.